मिस्त्री सभासद होतो

घरदुरुस्तीचा ठेकेदार सातारा जिल्ह्यातल्या औंध आणि खटाव तालुक्याच्या परिसरात सहसा तीन अवस्थांतून जातो. पहिल्या अवस्थेत तो बिगारी असतो आणि घमेले उचलतो. दुसऱ्या अवस्थेत हातात थापी आणि ओळंबा येतो आणि लोक त्याला मिस्त्री म्हणू लागतात. तिसऱ्या अवस्थेत थापी दुसऱ्याच्या हातात जाते, याच्या हातात दोन मोबाइल येतात आणि देवीच्या किंवा थोरल्या मुलाच्या नावापुढे ‘कन्स्ट्रक्शन’ हा शब्द जोडून मोटरसायकलच्या पुढच्या काचेवर चिकटवला जातो. व्यावसायिक संघटनेत प्रवेश होतो तो या तिसऱ्या अवस्थेत. आधीच्या दोन अवस्थांत संघटनेची गरज पडत नाही, कारण तेव्हा माणूस काम करत असतो.

या व्यवसायाचा कच्चा माल म्हणजे घरे. खटाव आणि माण हा कमी पावसाचा मुलूख, त्यामुळे इथली जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर लाकडाचे पाटण आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना. घर खणांत मोजायचे आणि पावसाळ्याआधी दरवर्षी माळवदावर ताजी माती टाकून ती चोपायची. हे काम घरचीच माणसे करत, त्यामुळे दुरुस्ती हा धंदा होऊ शकला नाही. पुढे सिमेंटचा स्लॅब आला आणि त्याच्याबरोबर ‘एकदा स्लॅब टाकला की बघायला नको’ ही समजूत आली. घरदुरुस्तीचा सगळा व्यवसाय या समजुतीवर उभा आहे.

आज या भागातल्या अनेक घरांत तिन्ही काळ एकामागे एक नांदताना दिसतात. रस्त्याच्या बाजूला स्लॅब, मध्ये पत्रा आणि मागे माळवद. पुढच्या भागात फ्रीज आणि टीव्ही असतो, मागच्या भागात आजी असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत सगळे कुटुंब आजीकडे झोपायला जाते, कारण गारवा तिथेच असतो. तरीही दुरुस्तीचा विषय निघाला की पाडायचे ठरते ते माळवदच.

दुरुस्तीच्या कामांत सर्वांत नाजूक काम वाटणीच्या भिंतीचे. दोन भावांत घर वाटले जाते तेव्हा मधोमध भिंत घालावी लागते, आणि नऊ इंची भिंत कोणाच्या हद्दीत बसवायची यावर चर्चा सुरू होते. दोघांचेही म्हणणे असते की आपल्याला नऊ इंचांचे काही नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे. अखेर भिंत चार इंची घातली जाते. तिला तत्त्वाचे वजन पेलत नाही आणि दोन पावसाळ्यांत तिला तडा जातो. तो तडा कोणी बुजवायचा हे पुन्हा नव्याने ठरवावे लागते. ठेकेदाराच्या दृष्टीने अशी भिंत ही एक प्रकारची ठेवच असते.

गिऱ्हाईक बहुधा गावात नसते. खटाव-माणमधला कमावता माणूस मुंबईत माथाडी म्हणून किंवा मिळेल त्या नोकरीत असतो. आटपाडी-विट्याकडचे गलाईवाले देशातल्या कुठल्या कुठल्या शहरांत सोने-चांदी गाळत असतात. गावात राहतात ते आईवडील. त्यामुळे कामाची मालकी एका गावात, पैसा दुसऱ्या गावात आणि पाहणी व्हिडिओ कॉलवर, अशी स्थिती असते. मालक म्हणतो, ‘मिस्त्री, जरा कॅमेरा वर घ्या.’ कॅमेरा वर जातो. छतावरची ओल टाळून जो कॅमेरा फिरवू शकतो, त्या ठेकेदाराला या भागात अनुभवी समजतात. कामाची मुदत तारखेने ठरत नाही, यात्रेने ठरते. पौषात औंधच्या यमाईदेवीची यात्रा भरते आणि मुंबईकर घरी येतात, तोवर रंग झालेला पाहिजे एवढीच अट. रंगाखाली काय आहे हे यात्रेनंतर समजते.

करार तीन प्रकारचे. मजुरीवर, म्हणजे माल मालकाचा. मालासकट, म्हणजे माल ठेकेदाराचा. आणि उक्ते, म्हणजे सगळे मिळून एकच आकडा. उक्त्या कामात आकडा आधी ठरतो आणि काम नंतर, म्हणून हा प्रकार दोन्ही बाजूंना प्रिय आहे. करार लिहिला जातो तो लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला. इसार दिला जातो, मग उचल सुरू होते. मालकीणबाई ‘आलाच आहात तर तेवढी मोरीबी बगा की’ म्हणतात, आणि त्या वाक्यातून वाढीव काम जन्माला येते. वाढीव कामाचे पैसे हा वादाचा विषय असतो. मोरी झालेली असते, पण ती सांगितली कोणी हे कोणालाच आठवत नाही.

संघटनेची गरज भासते ती इथे. पूर्वी ही गरज नव्हती याचे कारण बलुते. सुतार आणि लोहार हे गावाचे बलुतेदार होते आणि वर्षभराच्या दुरुस्तीबद्दल त्यांना सुगीत खळ्यावर धान्य मिळे. सभासदत्व जन्माने मिळायचे, अर्ज करावा लागत नसे आणि वार्षिक वर्गणी गिऱ्हाईक भरत असे. जातीची उतरंड आणि ठरवून दिलेले कमीपण हा त्या व्यवस्थेचा मोठा अन्याय होता, त्यामुळे ती गेल्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र हिशेबाच्या दृष्टीने फरक नोंदवण्याजोगा आहे. आधुनिक संघटनेत वर्गणी कारागीर स्वतः भरतो.

बांधकाम ठेकेदारांच्या काही आधुनिक संघटना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आल्या. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ मध्ये स्थापन झाली, आणि ब्रिटनमधली छोट्या बांधकाम व्यावसायिकांची फेडरेशन ऑफ मास्टर बिल्डर्स हीसुद्धा १९४१ चीच. इमारती पाडण्याचे काम विमानांनी हाती घेतले त्याच सुमारास बांधणाऱ्यांना एकत्र यावेसे वाटले, हा योगायोगही असेल. घरे बांधून विकणाऱ्या विकासकांची क्रेडाई १९९९ पासूनची. सरकारी कामे घेणाऱ्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी असते आणि तिथे वर्गवारी आहे. घरदुरुस्तीवाला यांपैकी कुठेच नीट बसत नाही. मोठ्या ठेकेदारांच्या संघटनेत पूल, धरण, रस्ते यांची भाषा चालते. तिथे उभे राहून ‘संडासाचा पाइप तुंबलाय’ म्हणायला धैर्य लागते.

अमेरिकेत ही पोकळी भरून निघाली आहे. तिथे नॅशनल असोसिएशन ऑफ द रिमॉडेलिंग इंडस्ट्री नावाची फक्त घर सुधारून देणाऱ्यांची संघटना आहे. ती सभासदांना आचारसंहिता देते आणि अनुभव तपासून, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. औंध भागात परीक्षा घेण्याचे काम जूनमधला पहिला मोठा पाऊस करतो आणि निकाल माजघराच्या छतावर लागतो. फेरपरीक्षेला उमेदवार बहुधा हजर राहत नाही.

म्हणून तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी स्वतःची संघटना काढली जाते. सोसायट्यांच्या नोंदणीचा कायदा १८६० सालचा आहे आणि त्याला किमान सात माणसे लागतात. सात ठेकेदार एका टेबलाभोवती बसवणे अवघड नाही. भत्ता आणि चहा सांगितला की माणसे जमतात. अडचण अशी की अध्यक्ष एकच ठेवता येतो. यावर तोडगा म्हणून कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि प्रसिद्धिप्रमुख ही पदे आहेत. सात माणसांना सात पदे मिळाली की संघटना स्थिर होते. नुसता सभासद असा कोणी उरत नाही, म्हणून आठव्या माणसाचे स्वागत फार उत्साहाने होते. नोंदणीचे कागद सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. गिऱ्हाइकाने ज्यांच्याबद्दल धर्मादाय हा शब्द कधी वापरलेला नसतो, त्यांची गाठ त्या शब्दाशी पडते ती अशी.

पदांविषयीची ही ओढ औंधच्या इतिहासाशी थोडी विसंगत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. तिच्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची खटपट होती. गावपंचायत, तिच्यावर तालुकासभा, तिच्यावर विधिमंडळ अशी ती मांडणी होती आणि ७२ गावांच्या संस्थानात ती १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालली. राजाने सिंहासनाचे अधिकार आपण होऊन खाली ठेवले त्या गावच्या आसपास संघटनेचा अध्यक्ष दुसऱ्या मुदतीनंतर शिक्का परत करत नाही. जुन्या संस्थानाच्या हद्दीची एकच संघटना काढावी अशी सूचना मधूनमधून होते. ते संस्थान सलग नव्हते. औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, गुणदाळ कर्नाटकात. अशी संघटना झालीच तर तिला दोन पालकमंत्री आणि दोन राज्यांची वाळूधोरणे सांभाळावी लागतील, आणि वार्षिक सभा कुठे भरवायची यावरच पहिले वर्ष जाईल.

प्रवेशाचा अर्ज एका पानाचा असतो. त्याला आधार, पॅन, दोन फोटो आणि असल्यास उद्यम नोंदणी जोडावी लागते. जीएसटी क्रमांकाचा रकाना असतो आणि त्यापुढे बहुतेकांची आडवी रेघ असते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. या भागातली उलाढाल नेहमी २० लाखांच्या अलीकडे येऊन थांबते. मागच्या वर्षी किती कामे केली या प्रश्नाला मात्र तोच ठेकेदार ‘कामांना तोटा न्हाई, माणसं पुरंनात’ असे उत्तर देतो. एक उत्तर सरकारसाठी आणि एक गिऱ्हाइकासाठी असते, इतकेच.

अनुभवाच्या रकान्यात अडचण येते. अनुभव वर्षांत लिहायचा असतो, आणि बिगारी असल्यापासून मोजायचा की स्वतःचे पहिले घर गळल्यापासून, याबाबत नियम गप्प आहेत. शिक्षणाच्या रकान्यात अभियांत्रिकीची पदविका घेतलेला तरुण ठेकेदार ठसठशीत अक्षरे काढतो. जुना मिस्त्री तो रकाना रिकामा ठेवतो, पण सूचक म्हणून त्याची सही असल्याशिवाय पदविकावाल्याचा अर्ज मंजूर होत नाही. शेवटचा रकाना सूचक आणि अनुमोदकाचा. सूचक बहुधा भावकीतला असतो आणि अनुमोदक तोच ज्याचे दोन बिगारी अर्जदाराने मागच्या महिन्यात पळवलेले असतात. अनुमोदन मिळते, कारण तेच बिगारी आता तिसऱ्याकडे गेलेले असतात.

प्रवेशानंतर सभासदाच्या हातात पहिली वस्तू येते ती दरपत्रक. गिलाव्याचा दर, फरशीचा दर, कोब्याचा दर असे सगळे चौरस फुटाला लिहिलेले असते आणि खाली ‘यापेक्षा कमी दराने काम घेणाऱ्या सभासदावर कारवाई करण्यात येईल’ अशी ओळ असते. व्यावसायिकांनी एकत्र येऊन दर बांधून घेण्याला स्पर्धा कायदा २००२ हरकत घेतो. औंध परिसरात या कायद्याचे पालन होते, कारण बांधलेला दर कोणीच घेत नाही. सभेत टाळ्या वाजवून दर मंजूर करणारा सभासद परतीच्या वाटेवरच एखाद्या गिऱ्हाइकाला फोन करतो आणि म्हणतो, ‘संघटनेचा दर हाय तो. तुमच्यासाठी नव्हं.’ दरपत्रकाचा उपयोग होतो तो असा. घासाघीस कुठून सुरू करायची हे त्याच्यामुळे दोघांनाही ठाऊक असते.

संघटनेबाहेरच्या जगात ठेकेदाराला खरे महत्त्व मिळवून दिले ते नव्वद दिवसांच्या दाखल्याने. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवायचे तर वय १८ ते ६० च्या दरम्यान हवे आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. हा दाखला ठेकेदार देऊ शकतो. योजना चांगली आहे. मुलांना शिष्यवृत्ती, आजारपणात आणि अपघातात मदत अशा ज्या गोष्टी बांधकामावरच्या माणसाला कधी मिळाल्या नव्हत्या त्या तिच्यातून मिळतात. पण त्यांबरोबर भांड्यांचा संचही मिळतो, आणि ही बातमी पसरल्यावर गावात बांधकाम कामगारांची संख्या एकाएकी वाढली. ज्याने आयुष्यात वीट उचलली नाही तोही सकाळी ठेकेदाराच्या दारात उभा राहून ‘नाना, नव्वद दिवस तेवढे लिवा’ म्हणू लागला. सगळ्यांचे दाखले खरे धरले, तर या भागात नव्वद दिवसांत एखादे नवे शहर उभे राहिले असते. संघटनेच्या सभेत अशा दाखल्यांवर कडक ठराव होतो. ठराव मांडणाऱ्याच्या घरीही नवा कुकर असतो.

संघटनेच्या वर्षातला सर्वांत भरगच्च कार्यक्रम संघटना करत नाही, सिमेंट कंपनी करते. त्याला गवंडी मेळावा म्हणतात. मंगल कार्यालयात खुर्च्या लागतात आणि पडद्यावर चित्रे दिसतात. कंपनीचा तरुण अभियंता सांगतो की ५० किलोच्या पोत्याला पाणी साधारण २५ लिटरच्या पुढे जाऊ देऊ नये, जास्त पाण्याने काँक्रीटची ताकद जाते, आणि स्लॅबवर पाणी किमान सात दिवस मारावे, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस. समोर बसलेले मिस्त्री मान डोलावतात. त्यांना हे ठाऊक असते. पाइपने पाणी सोडून ‘माल जरा पातळ केला की पसरतो बरा’ म्हणतानाही ठाऊकच असते. पाणी मारण्याचे काम मालकाचे असते आणि मालक मुंबईत असतो. मग ते आजीकडे येते. ती दुपारी एक बादली नेऊन स्लॅबच्या कडेला असलेल्या तुळशीला घालते आणि जे उरेल ते स्लॅबवर शिंपडते. मेळाव्याच्या शेवटी टोपी, छत्री आणि मोजपट्टी मिळते. छत्री मिळालेला मिस्त्री पुढच्या पावसात ती घेऊन गळती बघायला जातो.

गिऱ्हाइकाच्या लेखी सभासदत्वाचे मोल फारसे नसते, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्लास्टिकमध्ये बंद केलेले प्रमाणपत्र भिंतीवर असते, कार्डावर बोधचिन्ह असते, पण औंधच्या आठवडे बाजारात कोणीही कोणाला ‘संघटनेचा हाय का?’ असे विचारत नाही. विचारतात ते एवढेच, ‘कुणाचं घर केलंय?’ उत्तरात ओळखीचे नाव आले की लोक त्या घरी जातात, चहा घेतात, भिंतीला तळहात लावतात आणि घरातल्या बाईला विचारतात. तिचे मत अंतिम असते. पुरुषमंडळी छत बघतात. मोरीचे पाणी कुठे तुंबते हे तिला ठाऊक असते. या चौकशीची बरोबरी करणारे प्रमाणपत्र अजून छापले गेलेले नाही, आणि संघटनेने त्याच्या छपाईचा खर्च न केलेलाच बरा.

वसुलीत मात्र संघटना खरोखर उपयोगी पडते. एका गिऱ्हाइकाने एकाचे पैसे बुडवले की ते नाव सगळ्यांच्या मोबाइलवर जाते आणि पुढच्या वेळी त्याची टाकी फुटली की मिस्त्री मिळत नाही. पाणी गळत राहते, तसतशी स्मरणशक्ती सुधारते आणि जुनी बाकी जमा होते. दरपत्रकाला जे जमत नाही ते अर्ध्या इंची पाइपला जमते. उलट तक्रार असेल तर गिऱ्हाईक संघटनेकडे येते. तिथे अध्यक्ष दोघांना समोर बसवून म्हणतात, ‘माणूस आपलाच हाय, मिटवून घेऊ.’ कोणाचा माणूस हे ते सांगत नाहीत. तिथेही मिटले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. आयोग कागद मागतो. मग लग्नपत्रिकेचा शोध सुरू होतो. ती सापडते तेव्हा कळते की वधूवरांची नावे स्पष्ट आहेत, पण मागचा आकडा ओलीने पुसला आहे.

पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अर्ज दिला जातो आणि त्यावर आधीचे पदाधिकारी हरकत घेतात. मग निर्णय होईपर्यंत दोन अध्यक्ष असतात. दोघेही लेटरहेड वापरतात, दोघेही यात्रेत स्वागताचा फलक लावतात, आणि सत्कारासाठी बोलावताना कोणाला बोलवावे या पेचातून सुटण्यासाठी आयोजक दोन्ही नारळ आणून ठेवतात.

सभासदत्व तीन प्रकारांनी संपते असे नियमावली सांगते: मृत्यू, राजीनामा आणि सलग तीन वर्षे वर्गणी न भरणे. मृत सभासदाचे नाव फलकावरून काढायला कोणी सुचवत नाही, ते शोभून दिसत नाही. राजीनामा तोंडी दिला जातो, चहा येईपर्यंत टिकतो आणि इतिवृत्तात येत नाही. थकलेल्या वर्गणीची यादी दरवर्षी खजिनदार तयार करतो. यादी नावांच्या अक्षरांनुसार लावलेली असते, तरीही खजिनदाराचे स्वतःचे नाव सर्वांत वर येते, म्हणून ती सभेपुढे ठेवली जात नाही.